सलीम अली : पक्षी, पाणथळ आणि शेतकरी

१

भारतीय पक्षिशास्त्राचा विसाव्या शतकातील इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यातील फार मोठा भाग सलीम अली या एकाच नावाभोवती गुंफावा लागतो. गळ्यात दुर्बीण, हातात टिपणवही आणि पाखरांच्या मागे रानोमाळ हिंडणारी सडपातळ मूर्ती, हे त्यांचे चित्र सुशिक्षितांच्या मनात ठसलेले आहे. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. पाखरू ज्या रानात, तळ्यात आणि शिवारात राहते तेथे माणूसही राहतो, त्याला पोट असते आणि त्या पोटासाठी तो त्याच चिखलात पेरणी करतो, या वास्तवाशी सलीम अलींची आयुष्यभर गाठ पडत राहिली. त्या बाजूने त्यांचे चरित्र क्वचितच पाहिले जाते.

पाणथळ जमीन ही मोठी चमत्कारिक मालमत्ता आहे. पावसाळ्यात ती पाण्याची, हिवाळ्यात पाखरांची आणि पाणी ओसरल्यावर शेतकऱ्याची. गोदावरीच्या काठी धरणाचे पाणी मागे सरते तसतसा शेतकरी गाळपेरीची जमीन नांगरीत पुढे सरकतो, आणि त्याच ओल्या काठावर उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी चोची खुपसून उभे असतात. छत्तीसगडात भिलाईच्या सुपेला वस्तीपलीकडे जो धानाचा प्रदेश पसरला आहे, तेथे एकाच गावतळ्यातून धानाला पाणी जाते आणि त्याच तळ्यावर हिवाळी बदके उतरतात. पक्षी कायद्याने रक्षिलेला आणि पीक कर्जाने उभे केलेले. यांतील कोणाचा हक्क मोठा? हा प्रश्न सलीम अलींच्या आयुष्यात अनेकदा उभा राहिला. त्यांचे उत्तर बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे होते. एका ठिकाणी ते अपुरे पडले. दोहोंचाही विचार केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही.

२

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. पोरक्या मुलांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. मामा शिकारीचे शौकीन होते आणि त्या काळातील संपन्न घरांच्या रीतीप्रमाणे मुलांच्या हाती छर्‍याची बंदूक लवकरच आली. सलीमने एके दिवशी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी खाण्यास योग्य की अयोग्य, हे ठरविण्यासाठी ती मामांकडे गेली. मामांनाही तिचे नाव सांगता येईना, तेव्हा त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितलेच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलापुढे मांडले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेशी त्या दिवशी जडलेला संबंध मरेपर्यंत तुटला नाही.

शाळा-महाविद्यालयाच्या शिक्षणाने मात्र त्यांना फारसा हात दिला नाही. १९१३ साली ते मॅट्रिक झाले, सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले, आणि गणिताला कंटाळून १९१४ साली ब्रह्मदेशातील तव्हाय येथे कुटुंबाच्या खाण व इमारती लाकडाच्या धंद्यात मदतीस निघून गेले. धंदा बुडाला, भोवतालच्या जंगलातील पक्ष्यांची ओळख तेवढी पदरात पडली. १९१७ साली परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षणाबरोबर प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या सुसंस्कृत स्त्रीने पतीच्या अर्थशून्य दिसणाऱ्या छंदाला आपले आयुष्य जोडून दिले.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात महिना साडेतीनशे रुपयांवर मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोनच वर्षांत रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी काम केले. मेलेल्या पक्ष्याच्या कातड्याचे वर्णन म्हणजे पक्षिशास्त्र, ही समजूत तेथे गळून पडली. जिवंत पक्षी काय खातो, कोठे घरटे बांधतो, त्याच्या वागण्याला परिसर कोणते वळण लावतो, हे प्रश्न खरे शास्त्राचे आहेत ही दृष्टी त्यांना स्ट्रेसेमानने दिली. १९३० साली ते मुंबईस परतले तेव्हा पैशाअभावी संग्रहालयातील त्यांची जागा रद्द झाली होती. पदवी नाही, नोकरी नाही, अशा अवस्थेत या दांपत्याने अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात बिऱ्हाड हलविले.

३

किहीममधील दिवस ओढगस्तीचे होते. पण सलीम अलींच्या शास्त्रीय कीर्तीचा पाया तेथेच घातला गेला. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात शिडीवर आडोसा करून ते तासन्‌तास घरट्यांसमोर बसत. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास ताबा घेते. मग नर ते पुरे करून जवळच दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो, असा या पक्ष्याचा संसारक्रम त्यांनी प्रथमच उलगडला. तो निबंध १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कोकणातील शेतकऱ्याला सुगरण काही नवी नव्हती. तिची घरटी विणली जातात ती भात, ताड व गवत यांच्या पात्यांचे दोर काढून, आणि भात पिकू लागले की तिचे थवे लोंब्यांवर उतरतात. परंतु हाच पक्षी पिलांना भरवताना किडे-अळ्या वेचून आणतो. एकाच पाखराच्या खात्यावर जमा आणि खर्च या दोन्ही रकमा असतात. त्याच सुमारास त्यांनी कोकणातील आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा अभ्यास केला. शिंजीर पक्षी बांडगुळाच्या फुलांत चोच घालून परागण घडवून आणतो, आणि फुलटोच्या त्याचे चिकट फळ खाऊन बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो. झाडाचे रक्त शोषणारी ही वनस्पती अशा रीतीने एका कलमावरून दुसऱ्यावर जाते. बागायतदाराच्या दृष्टीने फुलटोच्या हा उपद्रवीच. तथापि पुढच्याच वर्षी त्यांनी फुले आणि पक्षी यांच्या संबंधावर विस्तृत निबंध लिहून पळस, पांगारा, सावर अशा झाडांचे परागण पक्ष्यांमुळे कसे होते हे दाखविले.

या लहानशा अभ्यासांचे महत्त्व असे की, पक्षी हा शेतकऱ्याचा मित्र की शत्रू हा प्रश्न भावनेने सुटणारा नाही हे त्यांनी आरंभीच ओळखले. पाखरे सुंदर असतात म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. आणि ती दाणा खातात म्हणून ती दंडनीयही ठरत नाहीत. कोणत्या ऋतूत, कोणत्या पिकावर, कोणत्या वयाचा पक्षी काय खातो याचा हिशेब मांडल्यावाचून निवाडा देऊ नये, ही त्यांची भूमिका होती. पक्ष्यांच्या पोटातील अन्न तपासून त्यांचे शेतीतील स्थान ठरविणारे शास्त्र या देशात रुजावे, असा आग्रह ते पुढे अनेक वर्षे धरीत आले.

४

१९३१ पासून त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहण्या हाती घेतल्या. आपण मेहनताना घेणार नाही, मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च तेवढा संस्थानाने द्यावा, अशी त्यांची अट असे. पहिली पाहणी निजामाच्या हैदराबाद संस्थानाची झाली; मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या वेळी याच संस्थानात होते. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, बहावलपूर, कच्छ अशी ही मालिका वाढत गेली. बैलगाडी, तंबू, मोजकी भांडी आणि तेहमिनांची सोबत एवढा त्यांचा सरंजाम. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना अकस्मात वारल्या. त्या आघातानंतर बहीण व मेहुणे यांच्या घरी राहून त्यांनी उरलेले आयुष्य संपूर्णपणे पक्ष्यांना वाहिले.

दख्खनच्या ज्वारीच्या शिवारात त्यांचा ज्या पक्ष्याशी वारंवार संबंध आला तो भोरडी होय. हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या या गुलाबी मैनांचे थवे हुरड्यात आलेल्या ज्वारीवर तुटून पडतात. सोलापूर-मराठवाड्यातील शेतकरी यासाठीच माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत असे. पण हीच भोरडी टोळांची मोठी भक्षक आहे. सलीम अलींनी तिच्याविषयी लिहिताना ज्वारीची नासाडी झाकली नाही आणि टोळांचा संहारही विसरला नाही. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या त्यांच्या लोकप्रिय ग्रंथात पक्ष्याच्या रंगरूपाबरोबर त्याच्या आहाराची आणि शेतीशी असलेल्या संबंधाची नोंद सरळ भाषेत येते. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगातून या पुस्तकाची प्रत कन्या इंदिरेला पाठविली होती. सामान्य वाचकाला पक्ष्यांची गोडी लावण्यात या एका पुस्तकाइतका वाटा दुसऱ्या कशाचा नसेल.

पाणथळ जागांकडे त्यांचे लक्ष विशेष वळले ते १९४० नंतर. कच्छच्या मोठ्या रणातील रोहित पक्ष्यांची प्रचंड वीणभूमी त्यांनी पाहिली आणि तिचे वर्णन जगापुढे ठेवले. शेती नसलेल्या त्या खाऱ्या ओसाडीत पक्षी व माणूस यांचा झगडा नव्हता. झगडा होता तो गोड्या पाण्याच्या तळ्यांत, जेथे प्रत्येक घोटाला दोन धनी होते.

५

अशा तळ्यांत भरतपूरचे केवलादेव सर्वांत प्रसिद्ध. राजस्थानातील या शहराजवळ एक नैसर्गिक खोलगट भाग होता. अजान बंधाऱ्यातून पाणी आणून संस्थानिकांनी तो उथळ सरोवरात बदलला आणि बदकांच्या शिकारीसाठी राखून ठेवला. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारमंडळाने येथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद आहे. म्हणजे हे पाणथळ मूळचे अरण्य नव्हते. शेतीच्याच पाण्याच्या व्यवस्थेतून माणसाने घडविलेली ती जागा होती. एकोणतीस चौरस किलोमीटरांच्या या क्षेत्रात पावसाळी पाणी आल्यावर चित्रबलाक, बगळे, शराटी यांच्या वसाहती बाभळींवर भरत, आणि हिवाळ्यात उत्तरेकडची बदके व सैबेरियातील पांढरे क्रौंच उतरत.

स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले आणि भोवतालच्या खेड्यांतून मागणी उठली की, राजाच्या चैनीसाठी अडविलेले हे पाणी शेतीस द्यावे, सरोवर कोरडे करून जमीन भूमिहीनांना वाटावी. या मागणीत न्यायाचा अंश नव्हता असे म्हणता येणार नाही. अन्नटंचाईचे ते दिवस होते आणि शिकारीचे तळे राखण्यासाठी शेतकऱ्याने कोरडे का राहावे, हा प्रश्न बिनतोड होता. सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंकडे गाऱ्हाणे नेले. एकदा नाहीसे केलेले पाणथळ पुन्हा निर्माण होत नाही, आणि तेथे येणारे पक्षी एका तालुक्याचे नसून अर्ध्या जगाचे आहेत, हे त्यांचे म्हणणे. नेहरूंनी ते मानले. १९५६ साली केवलादेव पक्षी अभयारण्य झाले, जरी राजघराण्याचा शिकारीचा हक्क पुढे १९७२ पर्यंत चालू राहिला.

येथेच सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम चालविले. कडे घातलेली बदके पुढे सोव्हिएत देशातील तळ्यांवर सापडली आणि केवलादेवचे नाते सैबेरियाशी जोडणारा पुरावा हाती आला. याच काळात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दशखंडी कोश सिद्ध केला. तो १९६८ ते १९७४ या काळात बाहेर पडला. १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. जागतिक वन्यजीव निधीच्या गेटी पारितोषिकाच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी सोसायटीच्या निसर्गरक्षणकार्यासाठी देऊन टाकला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा पक्षिरक्षणाच्या प्रश्नावर त्यांच्या शब्दाला या देशात दुसरा तोलाचा शब्द उरला नव्हता.

६

शब्दाला असे वजन आले की त्याची जबाबदारीही वाढते. १९८० च्या सुमारास केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्याचे ठरले. १९८१ साली हे पाणथळ रामसर करारातील यादीत दाखल झाले. राष्ट्रीय उद्यान म्हटले की कायद्याने गुरेचराई बंद. परंतु केवलादेवात पिढ्यान्‌पिढ्या भोवतालच्या खेड्यांतील म्हशी चरत असत. ग्रामस्थांना दूध, शेण, गवत आणि जळण तेथूनच मिळे. म्हशींच्या पायांखाली वनस्पती तुडविल्या जातात आणि पाखरांच्या अधिवासास धक्का बसतो, असा जाणकारांचा समज होता. चराईबंदीला सलीम अलींचाही पाठिंबा होता.

नोव्हेंबर १९८२ मध्ये बंदीची अंमलबजावणी झाली. गावकऱ्यांना पर्यायी कुरण देण्याची नीट व्यवस्था झालेली नव्हती. त्यांनी गुरे आत नेण्याचा प्रयत्न केला, पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि काही ग्रामस्थ प्राणास मुकले. पाखरांच्या नावाने माणसे मारली गेली, हा डाग भारतीय निसर्गरक्षणाच्या इतिहासातून पुसता येणारा नाही.

पुढे जे घडले ते शास्त्राच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९८० पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचेच संशोधक केवलादेवच्या परिसरशास्त्राचा दीर्घ अभ्यास करीत होते, व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील हे काम सुमारे दहा वर्षे चालले. म्हशी गेल्यावर पाखरे वाढतील अशी अपेक्षा होती. झाले उलटे. पास्पलम जातीचे पाणगवत कोणी खाणारे न उरल्याने अनिर्बंध माजले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले. पोहणाऱ्या बदकांना व वारकरी पक्ष्यांना जागा उरली नाही, आणि चिखलातील कंद उकरून खाणाऱ्या क्रौंचांना गवताची गादी भेदता येईना. माशांचीही चणचण भासू लागली. म्हैस ही या सरोवराची शत्रू नव्हती. ती त्याची कुळवाडीण होती. ती गवत कापीत होती म्हणून पाणी उघडे राहत होते. १९९१ मध्ये मांडलेल्या या अहवालाने मर्यादित चराईचा विचार करावा, असे सुचविले. गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभाही देण्यात आली.

तो अहवाल पाहावयास सलीम अली हयात नव्हते. किहीमला सुगरणीच्या जमाखर्चाचा काटेकोर ताळेबंद मांडणाऱ्या शास्त्रज्ञाने भरतपूरच्या म्हशीचा ताळेबंद हाती येण्यापूर्वीच निकालास संमती दिली, अशी टीका त्यांच्यावर करता येईल. माधव गाडगीळांसारख्या, त्यांच्याविषयी परम आदर बाळगणाऱ्या परिसरशास्त्रज्ञानेही या प्रकरणाचा उल्लेख करून स्थानिक लोकांच्या ज्ञानाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. तथापि ज्या अभ्यासाने हा समज खोटा पाडला तो सलीम अलींच्याच संस्थेत, त्यांच्याच पुरस्काराने चालला होता, हेही विसरता येत नाही. स्वतःच्या मताविरुद्ध पुरावा शोधू शकेल अशी संस्था मागे ठेवणे, हे शास्त्रज्ञाचे थोर देणे होय.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी मोठ्या उत्साहात घालविली. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. त्याच वर्षी ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्या नावात खेतवाडीच्या चिमणीची आठवण आहे. २० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडलेल्या वयात, मुंबईत त्यांचे निधन झाले.

७

सलीम अलींच्या नंतरच्या काळात पाणथळाचा प्रश्न सुटला नाही. उलट तो गावोगाव पसरला. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मधमेश्वर हे त्याचे ठळक उदाहरण. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे गाळ साचून त्यामागे उथळ पाणी, बेटे आणि दलदल तयार झाली व पाखरांनी ती आपलीशी केली. सलीम अलींच्या भेटीनंतर या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर ही ओळख मिळाली. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. २०२० च्या आरंभी रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ म्हणून ते जाहीर झाले. गंमत अशी की, ज्या गाळाने पाखरांना घर दिले तोच गाळ शेतकऱ्याला पुराची धास्ती देतो. त्याने पाण्याची जागा अडविली म्हणजे फुगवटा काठच्या ऊस-गव्हाच्या शेतांत शिरतो. गाळ काढा, असे शेतकरी म्हणतो. गाळ काढल्यास दलदल जाईल, असे पक्षिमित्र म्हणतात. दोघेही आपापल्या जागी खरे.

जायकवाडीच्या नाथसागरावर, उजनीच्या फुगवट्यावर हाच प्रश्न गाळपेरीच्या रूपाने दिसतो. धरणग्रस्ताची मूळ जमीन पाण्याखाली गेलेली असते. उन्हाळ्याकडे पाणी हटले की उघड्या पडलेल्या काळ्या गाळात तो गहू, हरभरा, टरबूज पेरतो. त्याला ते दान वाटत नाही, गेलेल्या जमिनीचा उरलेला तुकडा वाटतो. चिखलपक्ष्यांना मात्र नेमका तोच उघडा काठ लागतो, आणि पट्टकादंब हंस कोवळ्या गव्हावर रात्री चरून जातात. येथे सरसकट बंदी केवलादेवच्या मार्गाने जाईल आणि सरसकट मोकळीक काठावरची शेवटची ओलही नांगरून टाकील. कोणता काठ कधी पेरावा, कोणते विष फवारू नये, कोणती बेटे मोकळी सोडावी, हे त्या त्या गावाशी बोलूनच ठरविता येते. रामसर करार ज्याला पाणथळाचा सुज्ञ वापर म्हणतो त्याचा अर्थ याहून वेगळा नाही.

असा मेळ कागदावरच शक्य आहे असे नव्हे. तमिळनाडूतील वेदान्तंगल या गावी शेतकऱ्यांनी आपल्या सिंचनतळ्यावर वीण घालणाऱ्या बगळ्या-करकोच्यांना शतकानुशतके राखले. पाखरांची विष्ठा पाण्यात मिसळते आणि ते पाणी भातखाचरांना खतासारखे मानवते, हे तेथील कुणब्याने कोणत्याही अहवालाविना जाणले होते. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर सलीम अलींच्या नावाचे अभयारण्य १९८८ साली झाले. गोव्यातील खाजण जमिनींत बांध आणि मानशी यांच्या साहाय्याने खारे पाणी आवरून भात पिकविले जाते व त्याच पाण्यात मासळीही धरली जाते. तो बांध फुटला तर शेत जाते आणि पाखरांची जागाही बदलते.

विदर्भाच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्ह्यात हा संबंध आणखी जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आता जवळजवळ केवळ गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांपुरते उरले असून त्यांची संख्या काही दहांच्या घरात आहे. जवळजवळ माणसाइतका उंच हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे घालतो. त्यासाठी तो काही रोपे उपटतो, तेवढ्या तुकड्यातले धान जाते. पुष्कळ शेतकरी तो तुकडा सोडून देतात. पक्षी मारणे त्यांना अशुभ वाटते. सारसाला खरा धोका आहे तो कीटकनाशके, विजेच्या तारा आणि आटत चाललेले मामा तलाव यांचा. मालगुजारांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव धान आणि सारस या दोघांचेही पोशिंदे. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली.

गोंदियाहून मुंबई-हावडा लोहमार्गाने पूर्वेस गेले की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग ओलांडून भिलाई येते. पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेल्या या नगरात सुपेला ही आता गजबजलेली पेठ आहे. पण नगराच्या वेशीबाहेर अजूनही तोच धानाचा मुलूख आणि तीच तळी. उत्तरेस बेमेतरा जिल्ह्यात गिधवा व परसदा या गावांच्या तळ्यांवर हिवाळी पाहुण्यांची मोठी गर्दी होते, आणि २०२१ साली तेथे छत्तीसगड शासनाने पक्षी महोत्सव भरविला. ती तळी कोण्या राजाने शिकारीसाठी केलेली नाहीत. ती शेतीची आहेत आणि गावाने राखली म्हणून राहिली आहेत. पाखरांचे गाव म्हणून नाव झाल्यावर गावकऱ्याचे पाणी, मासळी व चराई यांवर कुंपण घालण्याचा मोह शासनाला होऊ नये, हा केवलादेवचा धडा येथे सर्वांत उपयोगी पडणारा आहे.

केवलादेवचे पुढचे प्रारब्धही तेच सांगते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला झालेल्या पांचना धरणाचे पाणी २००४ साली अभयारण्यास सोडण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि सरोवर कोरडे पडले. २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर सैबेरियन क्रौंच तेथे पुन्हा आले नाहीत. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नळवाहिनीतून पाणी आणावे लागले. ज्या शेतकऱ्यांची गुरे १९८२ साली फाटकाबाहेर काढली होती त्यांच्याच वर्गाच्या हाती अखेर पाण्याची चावी होती.

८

सलीम अलींचे मूल्यमापन करताना त्यांना देव्हाऱ्यात बसविणे सोपे आहे आणि एका चुकीवरून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही सोपे आहे. दोन्ही अन्यायाचे. ते नसते तर केवलादेव १९५० च्या दशकातच नांगरले गेले असते, आणि म्हशीने गवत खाल्ले की न खाल्ले हा प्रश्नच उरला नसता. पक्षी हा केवळ शिकारीचा किंवा काव्याचा विषय नसून त्याचे शेतीशी, पाण्याशी आणि रोगराईशी नाते असते, हे या देशाला त्यांनीच पटविले. त्यांच्या पद्धतीचा गाभा होता प्रत्यक्ष पाहणे आणि हिशेब मांडणे. त्या हिशेबात पाखरू होते, कीड होती, लोंबी होती. माणूस आणि त्याची म्हैस मात्र उशिरा आली.

हा उशीर भरून काढणे हे त्यांच्या वारसांचे काम आहे. धानाच्या बांधीत सारसाचे अंडे सोडून बाजूने कापणी करणारा गोंदियाचा शेतकरी आणि किहीमच्या पावसात शिडीवर बसून सुगरणीची वाट पाहणारा शास्त्रज्ञ यांची ओळख कोणी करून दिली नाही. पण दोघांची दृष्टी एकाच गोष्टीवर होती: हे पाखरू येथे काय करते आहे. पाणथळाचे रक्षण या दोघांना एका बांधावर आणूनच होईल.